हंबरचा चिमटा

साशंक : पेडण्याच्या बाजारात सायकलच्या दुकानात पुढचं चाक धरणारा नवा चिमटा टांगलेला असतो. लुधियानाचा, काळा रंग मारलेला, आठवड्याच्या मासळीला लागतात त्याहून कमी पैशांत मिळणारा. तो सोडून तू जुनाच चिमटा हवा म्हणून म्हापसा, बांदा, सावंतवाडीपासून थेट कोल्हापूरपर्यंत भंगाराचे ढीग उपसतो आहेस. सायकल हे चालायचं यंत्र. एक भाग मोडला, दुसरा घातला, गाडी पुढं. यात एवढं शोधायचं काय असतं?

हौशी : भाई, इतकं सरळ असतं तर मी दुपारच्या उन्हात भंगारवाल्याच्या दारात कशाला उभा राहिलो असतो? माझी गाडी हंबर. साध्या सायकलीच्या चिमट्याला चाकाच्या दोन्ही अंगांना एकेक पाय असतो. हंबरला दोन्ही अंगांना दोन-दोन नळ्या, एकमेकींना समांतर, वरच्या माथ्यापासून खाली आसापर्यंत. नाव वाचायच्या आधी चिमट्यावरूनच माणसं ही गाडी ओळखत. 1932 मध्ये रॅलेनं हंबरचा सायकलींचा धंदा विकत घेतला. गाड्या नॉटिंगहॅमला रॅलेच्या कारखान्यात बनू लागल्या, तरी जोडनळ्यांचा चिमटा त्यांनी सोडला नाही. तो सोडला असता तर हंबर म्हणून विकायला पाटीशिवाय काही उरलं नसतं. एकेरी पायांचा चिमटा लावला की माझी गाडी पुढून कुठलीही सायकल होते.

हा झाला डोळ्यांचा भाग. हातांचा भाग याहून चिवट. चिमट्याची उभी दांडी फ्रेमच्या पुढच्या नळीतून वर जाते आणि तिच्या टोकाला आटे असतात. बहुतेक इंग्लिश गाड्यांना तिथं इंचाला 24 आटे. रॅलेच्या कारखान्यात मात्र 26 पाडत. दांडी दोन्हींची एक इंचाचीच, त्यामुळे नुसत्या नजरेला काही कळत नाही. 24 चा कप 26 च्या दांडीवर पहिला फेरा छान घेतो, मग अडतो. आणि आपल्याकडे काही अडलं की लांब पाना आणतात! आटे सोलवटले की कप गेला आणि दांडीही गेली. चांगले चिमटे असे मेलेले मी पाहिलेत.

साशंक : मग कप, कोन, नट सगळंच नवं घे. लुधियानाच्या दांडीला लुधियानाचा कप. त्यांचे आटे आपसांत जुळले की रॅलेशी जुळायची गरजच काय? फ्रेमच्या नळीत कप घट्ट बसला, छर्रे आणि ग्रीस भरलं, वरून नट आवळला, झालं. आट्यांची अडचण तू उभी केली आहेस, कारण तुला अर्धं जुनं आणि अर्धं नवं हवं आहे.

आणि तुझ्या गाडीत नॉटिंगहॅमचं उरलंय तरी काय, त्याचा एकदा हिशेब कर. गाडी पोर्तुगीज अमदानीत घरात आली असं तूच सांगतोस. 1955 च्या सुमारास भारतानं नाकेबंदी केली तेव्हा भारतातला माल अडला आणि गोव्याची भिस्त बंदरावर उतरणाऱ्या परदेशी मालावर आली. 19 डिसेंबर 1961 नंतर वारं फिरलं. भारताचे आयात-निर्बंध आपल्यालाही लागू झाले, इंग्लिश मालाची वाट बंद झाली. त्यानंतर तुझ्या हंबरचं जे जे झिजलं ते भारतीय मालानं भरून निघालं. टायर-ट्यूब, साखळी, पॅडल, सीट, कॉटर पिन, ब्रेकची रबरं. पुढची रिमही मला मूळची वाटत नाही. तुझ्या आजोबांनी त्यापायी कधी कोल्हापूर गाठलं नाही. संध्याकाळी मिस्त्रीकडे गाडी टाकली, सकाळी त्याच गाडीवरून कामाला गेले. घरातला हा जुना नियमच मी तुला सांगतोय. नवा नियम तू आणलास, तोही गाडी चालायची थांबल्यावर.

हौशी : हे लागलं, आणि अर्धं खरंही आहे. पण टायर झिजण्यासाठीच असतो. ब्रेकचं रबर संपण्यासाठीच असतं. ते बदललं म्हणून गाडी बदलत नाही. चिमटा त्या जातीचा नव्हे. तो किती पुढं वाकलेला आहे आणि किती उंच आहे, यावर गाडी हातात कशी वळते ते ठरतं. जुन्या रोडस्टरचा चिमटा चांगला लांब पुढं झुकलेला असतो. खडबडीत वाटेवर तोच थोडा लवतो आणि धक्का पितो. मोरजीच्या पर्यटकांना भाड्यानं देतात त्या सायकलींचा सरळ चिमटा त्यात घातला तर गाडी चालेल, पण ती नाक खाली घालून चालेल.

दुकानात नुसतं ‘चिमटा द्या’ म्हणूनही चालत नाही. दांडीची लांबी लागते, कारण 22 इंची फ्रेम आणि 24 इंची फ्रेम यांची पुढची नळी सारखी नसते. दांडी लांब निघाली तर कापता येते, पण कापल्यावर कपाला पुरतील एवढे आटे खाली उरले पाहिजेत. आखूड निघाली तर परत करण्यावाचून इलाज नाही. माझ्या गाडीत कप आणि नटाच्या मधे दिव्याची पट्टीही बसते, तिची जाडी धरायला हवी. चाक 28 चं की 26 चं, त्यावर पायांची उंची. माथ्याखालचा कोन जिथं ठोकून बसतो ती जागा अर्ध्या मिलिमीटरनं चुकली तरी कोन सैल पडतो नाहीतर चढतच नाही. खालच्या खाचेत पुढच्या चाकाचा आस बसला पाहिजे. शिवाय माझा ब्रेक सळ्यांचा. त्याला आधार चिमट्यावर कुठं आहे ते बघायला हवं. इतकी मापं घेतली म्हणजे दुकानात टांगलेल्या चिमट्यांतले किती उरतील, सांगा.

साशंक : उरेल एखादा.

हौशी : एखादा उरेलही, नाही म्हणत नाही. लुधियानावाल्यांना मी कमी लेखत नाही. हीरोच्या मुंजाल बंधूंनी 1956 मध्ये सायकल काढली. त्याआधी ते सुटे भागच करत होते, आणि त्या भागांत चिमटाही होता. ज्या चिमट्याला आपण दुकानातला स्वस्त माल म्हणतो, त्याच्यावर केवढा कारखाना उभा राहिला! पण माझ्यासाठी अजून एक वाट उघडी आहे. बंगालमध्ये आसनसोलजवळ सेन-रॅले कंपनीनं 1950 च्या दशकात रॅले आणि तिच्या घराण्यातल्या नावांनी इथंच सायकली काढल्या, त्यात हंबरही होती. म्हणजे हंबरचे भाग शोधायला विलायतेलाच जायला हवं असं नाही. बेळगाव, कोल्हापूर, पुणे या सायकलींच्या गावांत कुठल्या तरी माळ्यावर ते अजून असणार.

साशंक : माळ्यावर असतील, पण सुटे नसतील. कुणाच्या तरी गाडीत बसलेले असतील. इथंच माझी तुमच्यासारख्यांशी खरी तक्रार आहे. तुला हवा तो चिमटा दुसऱ्या हंबरला फाडल्याशिवाय मिळत नाही. एक गाडी शोभिवंत होते तेव्हा दुसरी सांगाडा होते, आणि त्या सांगाड्याला कुणी विचारत नाही. भंगारवाल्यालाही आता कळलंय. पूर्वी किलोवर जाणारी वस्तू तुझ्यासारखा मोटार थांबवून खाली उतरला की ‘अँटिक’ होते. कॅफेवाला तीच घेतो, रंगवतो, भिंतीवर टांगतो. ज्या म्हाताऱ्याची तीच गाडी अजून रस्त्यावर आहे, त्याला चिमट्यासाठी तुम्हा दोघांशी बोली लावावी लागते.

तक्रार बाजूला ठेव, भीतीचं बोलू. तू सत्तर वर्षांचा लोखंडी भाग विकत घेणार आहेस. बाहेरून घासशील, क्रोम चढवशील, हिरव्या रंगावर सोनेरी रेघ ओढशील. आतून तो काय आहे? इथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि किनाऱ्याला हवेतच मीठ. हँडलच्या दांड्याजवळून पाणी आत झिरपतं, उभ्या दांडीतून खाली उतरतं आणि माथ्याशी साचतं. चार महिने तिथं ओल. दांडी माथ्याला मिळते नेमका तोच सांधा सगळा भार घेतो. पुढचा ब्रेक दाबला की तुझं वजन त्याच सांध्यावर येतं. मागचं चाक तुटलं तर माणूस खाली बसतो, चिमटा तुटला तर तोंडावर पडतो. आणि पुष्कळदा तो आधी करकरत नाही, वाकत नाही, सरळ सुटतो. धारगळच्या उतारावर, मागं मोपा विमानतळाची टॅक्सी लागलेली असताना, ‘मूळ भाग’ म्हणजे काय याची चर्चा कोण करणार आहे?

हौशी : ही भीती मला मान्य आहे, आणि म्हणूनच मी चिमटा बघतो तेव्हा रंग आधी खरवडतो. माथ्याच्या वर रंगाला बारीक सुरकुती असेल तर तिथं धातू कधीतरी वाकलेला असतो, तो मी हातात धरत नाही. बाकी तपासायची जुन्या मिस्त्र्यांची रीत सोपी आहे. सांध्यावर रॉकेल चोळायचं, स्वच्छ पुसायचं, वरून खडूची पूड लावायची आणि थोडा वेळ थांबायचं. बारीक तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल पुडीवर रेघ उमटवतं. दांडीत विजेरी टाकून आतलं लोखंड तारेनं खरवडायचं. पापुद्रे निघत राहिले तर विषय संपला.

माझ्या मोडक्या चिमट्याचं मी असंच सगळं पाहिलं. त्याच्या पायांच्या चारही नळ्या ठणठणीत आहेत, माथाही चांगला. तुम्ही म्हणता तिथंच, दांडीला, तडा आहे. म्हणून आता नवीन विचार डोक्यात आहे. अख्खा चिमटा शोधायचा नाही, दुसरी हंबर फाडायची नाही. दुकानातला तुमचा लुधियानाचा चिमटा घ्यायचा, त्याची दांडी काढायची आणि माझ्या हंबरच्या माथ्यात बसवायची. हे जोड मुळात पितळेनंच केलेले असतात. माथा तापवला की पितळ वितळतं, जुनी दांडी निघते. नवी घालून पुन्हा पितळ भरायचं. आट्यांचा प्रश्नही सुटतो, कारण दांडीबरोबर तिचा कप येईल. आणि पितळेचं काम म्हटलं तर आपल्याला डिचोलीहून लांब जायला नको.

साशंक : डिचोलीचं नाव घेतलंस म्हणून सांगतो, समई घडवणारा कांसार वेगळा आणि पोलादी नळीला नळी जोडणारा वेगळा. दोघांकडे पितळ असतं एवढ्यावरून त्यांचा धंदा एक होत नाही. चिमट्याच्या जोडात पितळ केसाएवढ्या फटीत ओढलं गेलं पाहिजे, सगळीकडून. वरून चकचकीत कडं दिसेल आणि आत अर्धी जागा कोरडी राहील. तापमान कमी पडलं तर पितळ शिरत नाही, जास्त झालं तर नळी जळते. आणि बहुतेक ठिकाणी तुला पितळ मिळणारच नाही. ‘हाड तो हंय, लायता वेल्डिंग’ म्हणून तो विजेची कांडी पेटवेल. पातळ नळीवर ती वेल्डिंग वरून घट्ट दिसते आणि तिच्या शेजारची रेघ कच्ची होते. तुटायची तिथं तुटते.

नव्या मालात एक गुण असतो. सायकलींचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ 4210. त्यात चिमट्याच्या नमुन्याला मागं-पुढं एक लाख वेळा वाकवून बघायची चाचणी सांगितली आहे. तुझ्या जोडलेल्या चिमट्याला कोण वाकवणार? तूच. एकदाच. म्हणून गावातला मिस्त्री ‘नको’ म्हणतो तेव्हा तू त्याला आळशी म्हणू नकोस. त्याला तुझ्या जिवाची जोखीम दोनशे रुपयांत घ्यायची नाही.

हौशी : ‘नको’ म्हणणारा बरा, ‘होतं हो’ म्हणून कांडी पेटवणाऱ्याची मलाही धास्ती वाटते. पण तुम्ही डिचोलीला फार लवकर मोडीत काढलंत. तिथं समयांच्या बाजूनं दुसरी एक परंपरा उभी राहिली, ती खाणींनी केली. शिरगाव, मये, पाळी, वेळगे. तिथून टिपर चालले, आणि टिपर चालले म्हणून साखळी-डिचोलीच्या पट्ट्यात लेथ फिरले. झिजलेला शाफ्ट भरून पुन्हा मापात आणायचा, बुश काढायचे, आटे पाडायचे, हे जाणणारे हात तिथं तयार झाले. 2012 मध्ये खाणी थांबल्या. मधे काही काळ सुरू झाल्या, तर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 88 लीज रद्द केल्या. टिपर अंगणात उभे राहिले. अशा हातांना तेव्हा काम कुठून येणार होतं? व्हर्नियर लावून मोजणारा, आट्यांवर गेज ठेवून ‘हे सव्वीस आहेत’ असं न अडखळता सांगणारा माणूस मिळाला तर माझं अर्धं काम झालं. इतके दिवस चिमटा शोधतोय असं वाटत होतं, पण माझं अडलंय ते अशा माणसापाशी. माळ्यावरचा चिमटा आज ना उद्या मिळेल. त्याला मोजणारा माणूस गेला तर त्या चिमट्याचं मी करू काय?

साशंक : इथं तू पहिल्यांदा मला पटण्यासारखं बोललास. म्हणून याच्या पुढचा प्रश्न विचारतो. तो माणूस तुझ्या एका चिमट्यावर जगेल का?

हौशी : नाही जगणार.

साशंक : आणि दुकानातला चिमटाही तुझ्यासारख्यांमुळं टांगलेला नाही. तो टांगलेला आहे पदेरामुळं. पहाटे टोपलीत पाव, उंडे, पोई भरून, भोंगा वाजवत वाड्यावाड्यांतून जाणारा तो. कामावरच्या गड्यामुळं, फुलं-भाजी विकणाऱ्यामुळं. त्यांनी काळी, सळ्यांच्या ब्रेकची, 28 च्या चाकांची गाडी सोडली नाही, म्हणून लुधियानाला कुणीतरी अजून तसाच चिमटा वाकवतोय. इंग्रजांनी जी गाडी केव्हाच सोडून दिली, ती आपल्या गरिबानं इतकी वर्षं चालू ठेवली. त्याच्याच जिवावर तुझी हौस चाललीय, आणि त्याच्या मालाला तू ‘स्वस्त माल’ म्हणतोस.

नॉटिंगहॅमला जाऊन बघ. रॅलेच्या जागेवर आज विद्यापीठाचं आवार आहे. सेन-रॅले सरकारकडे गेली आणि बंद पडली. ॲटलसनं साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 ला बंद केला, तो नेमका जागतिक सायकल दिन होता. यातला कुठलाही कारखाना हौशी लोकांच्या प्रेमानं वाचला नाही. पुण्यात विक्रम पेंडशांनी सायकलींचं संग्रहालय उभं केलं, बाणावलीला ‘गोवा चक्र’मध्ये जुने गाडे जपलेत. चांगली कामं आहेत, मी टोपी काढतो. पण संग्रहालयातल्या गाडीला चिमटा झिजवायचा नसतो. उद्या पदेरानं स्कूटर घेतली, घेतोच आहे, की हा चिमटा दुकानातून जाईल. तेव्हा तुझ्या त्या लेथवाल्याला जोडायला नवी दांडी कुठून मिळेल?

हौशी : म्हणजे माझ्या हंबरचं आयुष्य पदेराच्या सायकलीला बांधलेलं आहे. हे मी असं कधी पाहिलं नव्हतं. पण तुमच्याच बोलण्यातून माझ्या बाजूचंही एक निघतं, ते ऐका. पदेर स्कूटरवर जातो तो हौसेनं नाही. त्याचा चिमटा वाकला तर त्या दिवशीचा पाव बुडतो. पुष्कळ गावांत मिस्त्री उरला नाही, म्हापशाला टाकली तर दोन दिवस जातात, म्हणून तो सायकल सोडतो. मिस्त्रीचं दुकान चालायला रोजचं फुटकळ काम लागतं तसं कधीमधी बऱ्या पैशांचं अवघड कामही लागतं. फुटकळ काम पदेर देईल, अवघड काम मी देईन. शंभर रुपयांच्या पंक्चरी काढणाऱ्यानं आट्यांचा गेज कशासाठी विकत घ्यावा? माझ्यासारखे दहा-बारा आले तर घेईल. तो गेज मग पदेराच्या गाडीलाही लागेल. आमच्या हौसेतून एवढं निघालं तरी...

साशंक : निघालं तर. पण हौशी माणसं अवघड काम गावात देत नाहीत, कुरिअरनं पुण्याला पाठवतात. तू स्वतः काय करणार, ते सांग.

हौशी : डिचोलीला देणार. आधी दोन वाया गेलेले चिमटे घेऊन जाईन. त्यांच्यावर तो जोड करून दाखवील, मग ते कापून आत पितळ कुठवर गेलंय ते दोघं मिळून बघू. पटलं तर हंबरचा माथा त्याच्या हातात देईन. आणि तोवर गाडी बंद राहू नये म्हणून तुमचा लुधियानाचा चिमटा घालून चालवीन. एकेरी पायांचा, काळा. दिसू दे कशीही.

साशंक : चालवून बघ. मला वाटतं, महिनाभर ती बिनतक्रार चालली की तुला डिचोलीची आठवण राहायची नाही.

हौशी : राहील. उलट भीती वेगळीच आहे. दुकानात असे चार चिमटे आहेत, चारही आताच घेऊन ठेवावेत असं मनात येतं. पुढं मिळाले नाहीत तर?

साशंक : चारही तू नेलेस आणि उद्या पहाटे पदेराचा मोडला तर?

हौशी : तर एक त्याला देईन.

साशंक : कोणत्या भावानं?